निधनवार्ता आणि पुण्यस्मरण: सारखी दिसणारी दोन कात्रणे

मालवण, राजापूर किंवा दापोलीकडच्या घराण्याचा इतिहास जुन्या वर्तमानपत्रांतून शोधणाऱ्याच्या हाती निधनवार्ता आणि पुण्यस्मरणाची जाहिरात अशी दोन प्रकारची कात्रणे लागतात. दोन्हींत नाव, गाव आणि नातेवाईक असल्यामुळे ती एकाच तऱ्हेची मानली जातात, आणि वंशावळीत चुकीची तारीख शिरते ती अनेकदा याच समजुतीतून.

निधनवार्ता ही बातमी असते आणि ती मृत्यूनंतर लवकरच छापली जाते. वय, ‘वृद्धापकाळाने’ किंवा ‘अल्पशा आजाराने’ असे मोघम कारण, आणि ‘पश्चात पत्नी, दोन मुलगे, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे’ हा तिचा ठरलेला साचा. त्यात माणसे मोजलेली असतात, नावे क्वचितच असतात. ‘मंगळवारी निधन झाले’ असे वाक्य आढळल्यास तो मंगळवार अंकाच्या तारखेवरून न मोजता, मजकुराच्या आरंभी ‘मालवण, ता. 12’ अशी तारीख असेल तर तिच्यावरून मोजावा, कारण गावाकडून पाठवलेली बातमी साप्ताहिकात येईपर्यंत मधे बरेच दिवस जाऊ शकत.

पुण्यस्मरणाची जाहिरात घरची मंडळी पैसे भरून देतात, तीही वर्षाने किंवा अनेक वर्षांनी. तिच्यातील खरे धन तळाशी, ‘शोकाकुल’ या शब्दाखाली असते. तिथे मुलगे, सुना आणि नातवंडे नावानिशी येतात, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली ‘सौ.’ लावून सासरच्या आडनावाने येतात. कागदोपत्री हरवलेल्या लेकी पुन्हा सापडण्याची ही जागा असल्याने ती यादी घाईने वाचू नये, असे मला कळकळीने वाटते.

मात्र या जाहिरातीचा दिवस मृत्युदिन समजू नये. पुण्यतिथी तिथीने पाळली असेल तर इंग्रजी तारीख दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकते आणि मधे अधिक मास आल्यास 18–19 दिवस पुढे जाते. कोकणात सर्वांच्या लक्षात राहणारी गणेश चतुर्थी 2003 साली 31 ऑगस्टला होती, तर 2004 साली अधिक श्रावणामुळे ती 18 सप्टेंबरला आली. त्या चतुर्थीला गेलेल्या माणसाचे प्रथम पुण्यस्मरण तिथीने केले असेल, तर त्यावरून काढलेला मृत्युदिन अठरा दिवसांनी चुकेल.

जिल्ह्याच्या नावाचेही असेच होते. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणून 1975 च्या निधनवार्तेतले ‘मालवण, जि. रत्नागिरी’ आणि त्याच व्यक्तीच्या दहाव्या पुण्यस्मरणातले ‘मालवण, जि. सिंधुदुर्ग’ ही दोन्ही बरोबर असतात.

चाकरमानी घराण्यांच्या बाबतीत उत्तरकार्याचा पत्ता स्वतंत्रपणे टिपून घ्यावा. निधन मुंबईत आणि बारावे गावी, असे असेल तर मृत्यूची नोंद मुंबईच्या महापालिकेत मागावी; गावच्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत ती सापडण्याची आशा धरू नये, कारण मृत्यू जिथे घडतो तिथेच तो नोंदवला जातो.