तीरकामठा की बंदूक : १८७८ पासून घोळत आलेला एक शब्द

मार्च २०२० मध्ये अमेरिकेत बंदुकांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या होत्या. मुंबईतल्या रांगा वाण्याकडे, मेडिकलपुढे आणि भाजीच्या गाडीमागे होत्या. तरी ‘उद्या सगळं कोसळलं तर हाती काय असावं, बंदूक की धनुष्यबाण?’ हा तिकडचा वाद त्या टाळेबंदीत इकडेही येऊन पोचला, आणि येताना तिकडची गृहीतकं घेऊनच आला. काडतुसं कोपऱ्यावर मिळतात, शिकारीचं रान घरामागे आहे, शस्त्र घ्यायला फारसं कुणाला विचारावं लागत नाही. दादर-बोरिवलीत बसून बोलणाऱ्या माणसाला यातलं एकही लागू होत नाही. ते का होत नाही, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

रणांगणावरचा निकाल जुनाच आहे. इंग्लंडने १५९५ मध्ये आपल्या नागरी पलटणींतून धनुष्य काढून बंदूक दिली. जपानात १५४३ मध्ये पोर्तुगीजांबरोबर बंदूक उतरली आणि १५७५ मध्ये नागाशिनोच्या लढाईत तिने आपला धाक बसवला. हिंदुस्थानात मात्र १५२६ च्या पानिपतावर तोफा, तोड्याच्या (म्हणजे जळत्या वातीने डागायच्या) बंदुका आणि घोडेस्वार तिरंदाज एकाच फौजेत होते, आणि पुढे दीडदोनशे वर्षं ही जोडी टिकली. तोड्याची बंदूक एकदा ठासेपर्यंत तिरंदाजाचे पाच-सहा बाण सुटत. शिवाय पाऊस आला की तोडा विझायचा.

पावसाच्या तडाख्यातून धनुष्यही सुटलं नाही, हे मात्र या वादात कुणी सांगत नाही. मोगली स्वाराचं धनुष्य शिंग, लाकूड आणि जनावराच्या स्नायूंचे धागे सरसाने चिकटवून केलेलं असे. कोरड्या हवेत त्याला तोड नव्हती, पण दमट हवेत सरस सैल पडतो आणि थर सुटू लागतात. सह्याद्रीत आणि सातपुड्यात टिकला तो साधा बांबूचा कामठा. खानदेशातल्या भिल्लांच्या कामठ्याची दोरीसुद्धा बांबूचीच, चिरून घेतलेल्या सालीची. ती तुटली तर माणूस बांबूच्या बेटात जाऊन नवी काढतो. टोकाचं लोखंड तेवढं लोहाराकडून आणावं लागतं.

नेमकी हीच गोष्ट ब्रिटिशांना सलत होती, असं मला वाटतं. १८५७-५८ मध्ये खानदेशातल्या भिल्लांनी सरकारला चांगलंच दमवलं होतं. पुढे १८६० चा शस्त्रकायदा आला आणि १८७८ चा त्याहून कडक. या १८७८ च्या कायद्याबद्दल आपण शाळेत शिकतो ते एवढंच, की हिंदी माणसाला परवाना आणि गोऱ्याला सूट. शस्त्राची व्याख्या मात्र सहसा कुणी वाचत नाही. बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती आणि त्यानंतर स्पष्ट शब्दांत : धनुष्यबाण. पलटणीकडे मागून भरायच्या रायफली आलेल्या असताना हे कलम लिहिलं गेलं. ज्या वस्तूला युद्धात काही किंमत उरलेली नव्हती, ती यादीत आली. मला याचं एकच कारण दिसतं. बंदुकीची दारू, ती पेटवणाऱ्या टोप्या आणि काडतुसं बंदरावर अडवता येतात. बांबूचं बेट कुठल्या नाक्यावर अडवणार?

कायद्यात एक बारीक फरकही होता. बंदूक घरात ठेवायलाच परवाना लागे. धनुष्य एरवी घरात चालत असे, पण ते घेऊन सशस्त्र बाहेर पडायचं तर परवाना हवा. त्याच वर्षी, १८७८ मध्येच, वनकायदाही आला आणि राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली गेली. म्हणजे भिंतीवरचा कामठा राहिला, पण तो घेऊन चालायची वाट आणि जायचं रान, दोन्ही गेली. पुढच्या दीड शतकात तिरंदाजीचा ऱ्हास झाला असं जे सहज म्हटलं जातं, त्यात या एका वर्षाचा वाटा फार मोठा आहे. कौशल्य आपोआप मरत नाही. रोज हात चालायचा थांबला की मरतं.

स्वातंत्र्यानंतर गुंता सुटायला हवा होता, तो वाढला. १९५९ च्या कायद्याने जुनी यादी मोडली आणि व्यापक व्याख्या केली : हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र, त्यात बंदुका आणि धारदार व इतर प्राणघातक हत्यारं आली. केवळ घरकामाच्या किंवा शेतीच्या वस्तू, साधी लाठी, खेळणी वगळली. धनुष्यबाण हे शब्द गळाले. १९६२ च्या नियमांत (२०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे आले) तलवार, खंजीर, संगीन, भाला, लढाईची कुऱ्हाड होती, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा होता, धनुष्य नव्हतं. मग ते शस्त्र आहे की नाही? एक वाचन म्हणतं, ‘इतर प्राणघातक हत्यारां’त ते येतंच. दुसरं म्हणतं, एकेकाळी नावानिशी असलेली वस्तू जाणूनबुजून गाळली, म्हणजे तिला सोडलं. मला दुसरं पटतं. वसाहतीच्या भीतीतून आलेला शब्द स्वतंत्र देशाने पुसला, हेच सरळ आहे. पण १९७२ चा वन्यजीव कायदा उघडला की त्यातल्या हत्याराच्या व्याख्येत धनुष्यबाण पुन्हा नावानिशी हजर, तेही बंदूक, जाळं, फास, विष यांच्या पंगतीला.

बंदुकीच्या बाजूचा इतिहास कायद्यापेक्षा पुरवठ्याचा आहे. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा. नागरी परवानाधारकाचं काडतूस आजही मुख्यतः अशा सरकारी कारखान्यापासून सुरू होणाऱ्या साखळीतून येतं आणि एका वेळी किती, वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. माझ्या आजोळी, संगमेश्वरकडे, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर होती. काडतुसं तेव्हा कागदी नळीची, बूड पितळी, मधोमध टोपी. आजोबा ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवत. एका श्रावणात डुकरं भातात शिरली तेव्हा घाईघाईने काढलेलं काडतूस नळीत अर्धंच गेलं. कागद दमट होऊन फुगला होता. आजोबांनी ते तळहातावर लाटून पाहिलं, दुसरं घेतलं, तेही अडकलं. शेवटी पत्र्याचे डबे वाजवून डुकरं हाकलली. आता नळी प्लास्टिकची असते, तो त्रास गेला. पण आतली टोपी आणि बिनधुराची दारू घरी करायची गोष्ट नाही. कारखाना बंद पडला की शेवटच्या काडतुसानंतर बंदूक म्हणजे जड काठी. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायला लावतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच ठेवता येतात. मुंबईत संकटाच्या दिवशी बंदूक कपाटात असेलच याची खात्री नाही.

आणि कोसळणं म्हणजे काय, हे या शहराने आपल्या परीने पाहिलेलं आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला तेव्हा लोकांनी गाव गाठलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा उपयोगी पडले ते दोर, कोरडे कपडे आणि अनोळखी माणसाला दार उघडणारी घरं. शिकारीचा हिशोब तर मांडायलाच नको : बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या जनगणनेत मुंबईची माणसं सव्वा कोटीच्या आसपास. हातात काहीही असलं तरी ते रान शहराला एक आठवडा पोसणार नाही. हे रान ज्यांना खरोखर माहीत आहे ते उद्यानाशेजारच्या आरे वसाहतीतल्या आणि उद्यानातल्या आदिवासी पाड्यांवर राहतात, आणि या वादात त्यांना कुणी विचारलेलं माझ्या ऐकिवात नाही.

आज मुंबईत स्पर्धेचं धनुष्य बंदुकीसारख्या परवान्याशिवाय विकत मिळतं. पोलिसांचा जमावबंदी-शस्त्रबंदीचा आदेश लागू असला तर इजा करू शकणारी कोणतीही वस्तू घेऊन फिरायला मनाई होऊ शकते, मग ती लाठी असो की बाण. आरेतल्या एखाद्या घरात कुडाच्या भिंतीला लावलेला कामठा १९५९ च्या कायद्यापुढे संदिग्ध आहे. तोच खांद्यावर टाकून शेजारच्या उद्यानाच्या हद्दीत पाऊल टाकलं की १९७२ च्या कायद्याने ते हत्यार होतं आणि लेखी परवानगीशिवाय आत नेता येत नाही. त्या हद्दीवर काही ठिकाणी भिंत आहे, काही ठिकाणी नाही.