नंबर गेला, बाक बदलला

मायनस १० नंबरच्या डोळ्याचा टोपोग्राफीचा कागद पाहा, म्हणजे कॉर्नियाचा (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक काचेचा) बाक रंगांत दाखवणारा नकाशा. चष्मा घालवायच्या लेसरआधी कॉर्नियाच्या मधोमध पिवळा-तांबूस रंग असतो, म्हणजे तिथे बाक जास्त. लेसरनंतर त्याच जागी निळी चकती दिसते. नंबर जातो तो या चकतीमुळे. डोळा मुळात लांबट असतो आणि तो तसाच राहतो. चपटी होते ती फक्त पुढची काच. त्यामुळे चष्मा सुटला तरी डोळ्याच्या मागच्या, ताणलेल्या पडद्याची तपासणी सुटत नाही.

ही काच किती तासायची? सर्जन ढोबळ हिशेब करतात : चकतीच्या व्यासाचा (मिलिमीटरमध्ये) वर्ग करा, ३ ने भागा, आलेले मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) प्रत्येक नंबरामागे जातात. चकती ६ मिमीची असेल तर नंबरामागे १२, म्हणजे दहा नंबरांना १२० मायक्रॉन. मधल्या भागात कॉर्निया जेमतेम ५४० मायक्रॉन जाड. लॅसिकमध्ये, म्हणजे वरची झडप उचलून खाली लेसर करतात त्या पद्धतीत, ही झडप साधारण ११० मायक्रॉनची, तिचा आधाराला उपयोग नाही. उरले ३१०. निदान २५० तरी उरलेच पाहिजेत, असा जुना दंडक आहे. अनेक सर्जन ३०० च्या खाली उतरत नाहीत. फार पातळ झालेला कॉर्निया आतल्या दाबाने पुढे फुगू शकतो.

मग चकती लहान ठेवावी? तिथेच गोची आहे. रात्री बाहुली मोठी झाली की चकतीच्या काठाबाहेरून आलेला प्रकाशही आत शिरतो आणि समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. चकती ७ मिमीची केली तर वलयं कमी, पण १२० च्या जागी १६३ मायक्रॉन खर्ची पडतात. नंबर मोठा असला की ही ओढाताण टळत नाही. अशा वेळी कॉर्नियाला हात न लावता डोळ्यात भिंग बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

शिवाय कॉर्निया जिवंत आहे. वरचा पेशींचा थर खळगा दिसला की भरायला घेतो. मधोमध तो काही मायक्रॉनांनी जाड होतो आणि थोडा नंबर परत येतो.

खरी फजिती पुढे मोतीबिंदूच्या वेळी होते. नेहमीचं यंत्र कॉर्नियाचा पुढचा बाक मोजतं आणि मागचा अंदाजाने धरतं. तासलेल्या डोळ्यात तो अंदाज चुकतो, मोतीबिंदू काढून बसवायचं भिंग कमी ताकदीचं निवडलं जातं आणि जन्मभर मायनसवाला माणूस प्लसमध्ये जातो. आता त्यासाठी वेगळी सूत्रं आहेत, तरी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात तो लेसरआधीच्या कागदांचा. आणि ते कागद बहुतेकांनी चष्म्याबरोबरच टाकून दिलेले असतात.