अर्ध-प्रसामान्य आलेख

अर्ध-प्रसामान्य आलेख : प्रत्येक घटक दोन पातळ्यांवर ठेवून केलेल्या औद्योगिक प्रयोगात कोणते परिणाम खरे आणि कोणते निव्वळ चढउतारातून आलेले, हे नजरेने ओळखण्याची पद्धत. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ कथबर्ट डॅनियल यांनी ती १९५९ मध्ये ‘टेक्नोमेट्रिक्स’ या नियतकालिकात मांडली. कारखान्यात चाचणी महाग पडते, म्हणून ती सहसा दुबार घेत नाहीत. मग त्रुटीचा, म्हणजे निव्वळ चढउतार किती असतो याचा, स्वतंत्र अंदाज हाती राहत नाही. तो या आलेखात परिणामांमधूनच काढतात.

चार घटकांच्या १६ चाचण्यांतून १५ परिणाम निघतात : ४ मुख्य, ११ आंतरक्रियांचे (एका घटकाचा परिणाम इतरांच्या पातळीनुसार बदलणे म्हणजे आंतरक्रिया). वरच्या पातळीवरील ८ वाचनांच्या सरासरीतून खालच्या ८ वाचनांची सरासरी वजा केली की मुख्य परिणाम मिळतो. चिन्हे सोडून सगळ्या परिणामांची मूल्ये चढत्या क्रमाने एका अक्षावर लावतात. क्रमांकातून ०.५ वजा करून १५ ने भागतात, भागाकाराचे निम्मे ०.५ मध्ये मिळवतात आणि तेवढ्या संभाव्यतेचे प्रमाणित प्रसामान्य (घंटेच्या आकाराच्या वितरणाचे) मूल्य दुसऱ्या अक्षावर घेतात. आठव्या परिणामाला ०.६७ येते, सर्वांत मोठ्याला २.१३.

रेषा आरंभबिंदूतून, लहान परिणामांच्या थव्यातून ओढायची; तिच्यापासून ठळकपणे दूर पडलेले मोठे परिणाम खरे मानायचे. सगळ्या बिंदूंना धरून ओढली तर मोठे परिणाम तिला आपल्याकडे खेचतात आणि त्यातच लपतात; ही चूक फार आढळते. खरे परिणाम मोजकेच असतील तर अकरावे मूल्य साधारण परिणामांच्या प्रमाण त्रुटीएवढे (चढउताराच्या मापाएवढे) भरते.

एखादे वाचन चुकले तर हा आलेख ते बऱ्याचदा दाखवून देतो. एका वाचनात ८ एककांची चूक असेल तर प्रत्येक परिणाम १ एककाने वर किंवा खाली सरकतो. परिणामी शून्याजवळ बिंदूच उरत नाहीत. चिन्हांसह पूर्ण प्रसामान्य आलेख काढला की बिंदू दोन समांतर ओळींत फुटलेले दिसतात. अशा वेळी आधी नोंदवही तपासावी, निष्कर्ष नंतर.

भट्टीचे तापमान प्रत्येक चाचणीला बदलणे परवडत नाही. एका तापमानावर अनेक चाचण्या उरकल्या तर त्या घटकाची त्रुटी वेगळी, बहुधा मोठी असते. म्हणून भट्टीशी बांधलेले परिणाम आणि बाकीचे परिणाम या दोन्ही गटांचे आलेख वेगळे हवेत. भट्टी चारदाच लावली असेल तर तिच्या गटात तीनच बिंदू येतात, त्यांतून काहीच वाचता येत नाही.

रेषा ओढण्यात हाताचा कल येतो. त्याला पूरक म्हणून संख्याशास्त्रज्ञ रसेल लेंथ यांची १९८९ मधील रीत वापरतात : निरपेक्ष मूल्यांच्या मध्यकाची दीडपट घ्यायची, तिच्या अडीचपटीहून मोठी मूल्ये वगळायची, उरलेल्यांच्या मध्यकाची पुन्हा दीडपट; हाच प्रमाण त्रुटीचा अंदाज. निम्म्याच्या आसपास परिणाम खरे असले, तर मात्र मध्यकच फुगतो आणि रीत आंधळी होते.