पार्श्वभूमी : पाळणाघराच्या कायद्यातली मोजणी

जुने कामगार कायदे एकत्र करणाऱ्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या, तेव्हा चर्चा झाली ती कामाचे तास, ग्रॅच्युइटी आणि कामगारकपात यांची. पाळणाघराच्या कलमाकडे फारसे कुणी पाहिले नाही. खरे तर शंभर वर्षे चाललेल्या एका वादाचा तो ताजा टप्पा आहे. कामावर आलेल्या बाईचे मूल दिवसभर सांभाळायची सोय कुणी करायची आणि कुठल्या आकड्यावर ती सक्तीची व्हायची, हा तो वाद.

त्याचा उगम मुंबईच्या गिरण्यांत आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत गिरणीवर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूची ‘बाळगोळी’ देऊन झोपवत, हे तेव्हाच्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा नोंदलेले आहे. मुलाला कुणापाशी ठेवायचे हा प्रश्न त्या बायकांनी हाताशी होते त्या साधनाने सोडवला होता. त्यांना बोल लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी दुसरी सोय करून दिली. मोजक्या गिरण्यांनी स्वतःहून पाळणाघरे उघडली. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. आदल्या वर्षी त्या विधेयकावर कायदेमंडळात झालेल्या चर्चेत एक मुद्दा मांडला गेला होता, तो आजही शिळा झालेला नाही. लोकांचे कल्याण जपणे हे सरकारचे काम असल्याने हा भार मुख्यतः सरकारनेच उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर बाईच्या श्रमातून नफा मिळवणाऱ्या मालकाने द्यायला हरकत नसावी, असा तो युक्तिवाद होता. तडजोड म्हणून पुढे केलेली ही दुसरी बाजूच पुढे कायमची झाली. पहिली बाजू, म्हणजे सरकारची जबाबदारी, मागे पडली.

१९३४ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यांत सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली राखून ठेवायला लावण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला. १९४८ च्या कायद्यात कलम ४८ आले आणि सोय थेट बंधनकारक झाली. उजेडाची, हवेशीर, स्वच्छ जागा, मुलांची देखभाल करण्याचे शिक्षण घेतलेली बाई, दूध किंवा खाऊ आणि आईला मधल्या वेळेत येऊन अंगावर पाजण्याची मुभा, या सगळ्याची तजवीज त्या कलमात आणि त्याखालच्या नियमांत आहे. कागदावर ते आजही चांगले वाटते.

घोळ झाला तो आकड्यात. कलम ४८ ची अट मूळ ‘पन्नासहून अधिक स्त्री कामगार’ अशी होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती तीसवर आणली. कंत्राटदारामार्फत आलेला माणूसही कामगारच, हेही त्याच दुरुस्तीने स्पष्ट केले. हेतू सरळ होता, अधिक कारखाने कायद्याखाली यावेत. पण जबाबदारी बायकांच्या संख्येला बांधली, की बाईला कामावर घेणेच मालकाला खर्चाचे वाटू लागते. तिसाच्या आत बायका ठेवल्या की खोली नको, मुले सांभाळणारी बाई नको, दूध नको. ही पळवाट कामगार संघटना कित्येक वर्षे दाखवत आल्या. शिवाय तीनशे पुरुष आणि वीस बायका असलेल्या कारखान्यात त्या तीनशे जणांच्या मुलांचे काय, हा प्रश्न कायद्याला पडतच नव्हता. मूल बाईचे, म्हणून मोजायची ती बाई.

मोजणीचा दुसरा मार्ग आपल्याच कायद्यांत होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. खाणींच्या १९५२ च्या कायद्याखाली खाणीत एक जरी बाई कामावर असली, किंवा मागच्या बारा महिन्यांत असली, तरी मुलांसाठी खोली बांधायला लावता येत होती. चहा-कॉफीच्या मळ्यांच्या १९५१ च्या कायद्यात पन्नास बायकांच्या अटीशेजारी नंतर दुसरी अट आली : बायका कितीही असोत, त्यांची मुले वीस किंवा अधिक असतील तरी पाळणाघर द्यायचेच. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्याने तर कामावर आईबरोबर आलेली सहा वर्षांखालची मुले पाच झाली की तिथल्याच एका बाईला त्यांच्यापाशी बसवून तिला पूर्ण मजुरी द्यायला सांगितले. यांतल्या शेवटच्या दोन कायद्यांनी मुले मोजली. माझ्या मते हीच मोजणी बरोबर होती, कारण सोय मुलासाठी आहे आणि गरज किती हे मुलांच्या संख्येवरूनच कळते. कारखान्यांच्या कायद्याने मात्र ती उचलली नाही. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यातही पुन्हा पन्नासहून अधिक बायका हीच अट आली. बांधकामावरच्या मुलांसाठी फिरती पाळणाघरे १९६९ पासून दिल्लीत आणि नंतर मुंबई-पुण्यात स्वयंसेवी कामातून उभी राहिली होती. कायदा त्यांच्यानंतर पाव शतकाने आला आणि तोही बायका मोजत आला.

सरकारी बाजूची कथा थोडक्यात सांगता येते. १९७४ मध्ये राष्ट्रीय बालधोरण आले, १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना. त्याच वर्षी नोकरदार व आजारी मातांच्या मुलांसाठी पाळणाघरांना अनुदान सुरू झाले. अंगणवाडी ही कल्पना आपल्याकडे बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्याआधीच रुजलेली होती. पण योजनेतल्या अंगणवाडीचा भर तीन ते सहा वर्षांच्या मुलांवर आणि वेळ काही तासांची. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी नेण्याचा आहार मिळतो, दिवसभराचा सांभाळ नाही. ती उणीव अनुदानित पाळणाघरांनी भरायची होती. २००६ मध्ये ती एका राष्ट्रीय योजनेखाली आणली गेली. एका पाळणाघरात पंचवीस मुले, महिन्याचे सव्वीस दिवस, दिवसाला साडेसात तास, असा तिचा साचा होता.

२०१७ च्या सुरुवातीला ही योजना राज्यांकडे सोपवली गेली. खर्चाची वाटणी केंद्र ६०, राज्य ३० आणि चालवणारी संस्था १० टक्के अशी ठरली. त्यानंतर काही वर्षांतच देशातली पाळणाघरे साधारण २३ हजारांवरून साडेसहा हजारांच्या आसपास आली. ज्या वर्षी सरकारने आपली पाळणाघरे राज्यांच्या आणि संस्थांच्या गळ्यात घातली, त्याच वर्षी खासगी मालकांवर नवी जबाबदारी टाकली, हे लक्षात ठेवायला हवे.

ती जबाबदारी म्हणजे प्रसूती लाभ कायद्यातली २०१७ ची दुरुस्ती. रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली म्हणून ती गाजली. पाळणाघराचे कलम त्या वर्षी १ जुलैपासून लागू झाले. त्यातली अट पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांची होती, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया. मोजणीतली बाई पहिल्यांदाच गेली. दुकाने आणि कार्यालयेही कायद्याखाली आली. एवढे श्रेय या दुरुस्तीला द्यायलाच हवे. पण दिवसातून चार वेळा पाळणाघरात जाण्याची मुभा फक्त आईला मिळाली, वडिलांना नाही. आणि सव्वीस आठवड्यांची पगारी रजा व पाळणाघर हे दोन्ही खर्च मालकाच्याच खिशातून. लहान उद्योग त्यामुळे तरुण बायकांना घेताना कचरतील, ही भीती तेव्हाच बोलून दाखवली गेली होती.

आता पुन्हा त्या चार संहिता. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहितेने पन्नास कर्मचाऱ्यांची अट कायम ठेवली. व्यावसायिक सुरक्षा संहितेने कारखान्यांसाठीही पन्नासहून अधिक कामगार हीच अट घातली आणि १९४८ चे कलम ४८ संपले. अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवायची किंवा सरकारी, पालिकेचे, खासगी पाळणाघर वापरायची मोकळीकही आली. ती उपयोगाची आहे. पण एखादा कपडे शिवण्याचा कारखाना घ्या. पंचेचाळीस कामगार, त्यांत पस्तीस बायका. जुन्या कायद्यात तिथे पाळणाघर बंधनकारक होते. नव्यात नाही. बायकांची मोजणी चुकीची होती हे खरे, पण ती काढताना आकडा खाली आणला असता तर हा कारखाना निसटला नसता.

त्याहून मोठा गट या दोन्ही मोजण्यांच्या बाहेर आहे. ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मुकादमाच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्याच्या, हिशेबात मिळून एक ‘कोयता’ असतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, तीही त्या कोयत्यावर मिळते. बाई वेगळी मोजलीच जात नाही आणि तान्हे मूल तिच्याबरोबर फडात असते. साखर कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत. मुकादमाकडे पन्नासांची हजेरी नाही. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी साखरशाळा निघाल्या, पण त्या शाळेच्या वयाच्या मुलांसाठी.

२०२२ पासून केंद्राने ‘पाळणा’ नावाने अनुदानाची नवी योजना आणली आहे. तीत अंगणवाडीलाच पूर्णवेळ पाळणाघर जोडायचे असून लक्ष्य १७ हजारांचे आहे. वस्तीतल्या बाईला याचा लाभ होऊ शकतो, फडावरच्या बाईला हंगामाचे महिने नाही, कारण तिची अंगणवाडी गावी राहते. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६७ मध्ये ‘पन्नास किंवा केंद्र सरकार नियमांनी ठरवील ती संख्या’ असे शब्द आहेत. म्हणजे पन्नासाचा आकडा बदलायला संसदेत जावे लागत नाही, नियम पुरेसा आहे. तो खाली येईल की वर जाईल, हे त्या नियमावरच ठरणार आहे.