कॉफीनंतरचा थकवा

कॉफी प्यायल्यावर तरतरी येण्याऐवजी सुस्ती येणे, डोके जड होणे, एकच ओळ तीनदा वाचावी लागणे, ओठांवरचा शब्द न आठवणे असा अनुभव काही जणांना येतो. बोलताना आपण त्याला ‘डोकं चालत नाही’ म्हणतो; अलीकडे ‘ब्रेन फॉग’ हा शब्दही रुळला आहे. हा स्वतंत्र आजार नाही. त्यामागे निरनिराळी कारणे असतात आणि ती ओळखायची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे वेळ: थकवा कपानंतर काही तासांनी येतो, दुसऱ्या दिवशी सकाळी येतो, की कप चुकल्यावर येतो.

कॅफीन शरीराला ऊर्जा देत नाही, ते थकव्याची जाणीव अडवते. जागेपणी मेंदूत ॲडिनोसिन हे द्रव्य साठत जाते आणि चेतापेशींवरच्या ग्राहींना (संदेश टिपणाऱ्या जागांना) चिकटले की झोप येऊ लागते. कॅफीनच्या रेणूची ठेवण त्याच्याशी इतकी जुळते की ते त्याच ग्राहींवर जाऊन बसते, पण त्यांना चालू करत नाही. किल्ली कुलपात बसते, फिरत मात्र नाही, आणि खरी किल्ली बाहेरच थांबते. या काळात ॲडिनोसिन साठतच असते. त्यामुळे कॅफीनचा अंमल ओसरला की अडवून धरलेली झोप पुन्हा जाणवू लागते. रात्री पुरेसा झोपलेल्या माणसाला ही उतरण फारशी कळत नाही. चार-पाच तास झोपून कॉफीवर दिवस रेटणाऱ्याला मात्र दुपारी बसल्या जागी पेंग येते.

प्यायलेले निम्मे कॅफीन शरीरातून जायला सरासरी ५ तास लागतात, पण माणसामाणसांत हा काळ दीड तासापासून साडेनऊ तासांपर्यंत बदलतो. कॅफीनचे विघटन मुख्यतः यकृतातील एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) होते. त्याचा वेग काही अंशी आनुवंशिक असतो. गर्भनिरोधक गोळ्यांनी तो मंदावतो, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर फारच. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या नेहमीच्या प्रतिजैविकानेही कॅफीन रक्तात जास्त वेळ रेंगाळते. सिगारेट ओढणाऱ्यांत ते लवकर संपते. म्हणूनच सिगारेट सोडल्यावर पूर्वीइतकेच कप अचानक जास्त बाधू लागतात.

‘मी रात्री कॉफी पिऊनही गाढ झोपतो’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. झोप लागणे आणि झोपेने विश्रांती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅफीन गाढ झोपेचा वाटा कमी करते आणि हे झोपणाऱ्याला कळतही नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्याच्या ६ तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप तासाभराहून अधिक कमी केली. मग सकाळी डोके जड, त्यावर उतारा म्हणून कॉफी, आणि रात्री पुन्हा कच्ची झोप. कॉफीने थकणाऱ्या बहुतेकांची गाठ याच चक्राशी असते, असे म्हणायला हरकत नाही.

महाराष्ट्रात दुधाच्या कॉफीत जायफळ किसून घालायची जुनी पद्धत आहे आणि जायफळाने झोप येते अशी घरोघरी समजूत आहे. पण कपात पडते ती चिमूटभर. तिच्यावर खापर फोडण्याआधी रात्रीच्या झोपेचा हिशेब पाहावा. कॉफीने शरीर सुकते हाही असाच एक समज. रोज पिणाऱ्यांत बेताच्या कॉफीने तसे होत नाही.

कप चुकला की येणारा थकवा वेगळा. रोजच्या सवयीने मेंदू कॅफीन गृहीत धरतो. ते न मिळाल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी, मरगळ, चिडचिड आणि मंदपणा सुरू होतो आणि २ ते ९ दिवस टिकतो. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०१३ च्या निदानसूचीत या अवस्थेची नोंद आहे. आठवडाभर ऑफिसच्या मशीनची कॉफी पिणाऱ्याचे रविवारी उशिरा उठल्यावर डोके दुखते, त्याचे एक कारण हेच.

जेवणाला लागून घेतलेली कॉफी अन्नातल्या लोहाचे शोषण कमी करते. १९८३ च्या एका अभ्यासात एका जेवणातले लोहशोषण कॉफीने ३९ टक्क्यांनी घटले, चहाने तर ६४ टक्क्यांनी. कॉफी जेवणाच्या तासभर आधी घेतल्यास ही घट झाली नाही, तासभर नंतर घेतल्यास मात्र तेवढीच झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत थकवा आणणारा रक्तक्षय आढळला. तिथे ही बाब किरकोळ मानता येत नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२४ च्या आहारसूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी, असे सांगितले आहे. दिवसाची कॅफीनमर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२०, तर इन्स्टंटमध्ये ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी रोबस्टाच्या बियांत अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असते, कॉफीत मिसळल्या जाणाऱ्या चिकोरीत अजिबात नसते. म्हणून ‘दोनच कप’ या हिशेबाला फारसा अर्थ उरत नाही.

थायरॉइडच्या रुग्णांबाबत एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. सकाळची थायरॉक्सिनची गोळी कॉफीसोबत घेतली तर तिचे शोषण घटते. इटलीतील संशोधकांनी २००८ मध्ये हे दाखवून दिले. गोळी रोज पोटात जाते, तरी थकवा आणि विसराळूपणा हटत नाही. गोळी पाण्याबरोबर उपाशीपोटी घ्यावी आणि कॉफी अर्ध्या ते एका तासानंतर.

कॉफी बाधते का, हे पाहण्यासाठी ती एकदम बंद केली तर पहिल्या आठवड्याचा थकवा सवय सुटण्याचा असतो, त्यावरून काही ठरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी कप थोडा कमी करत जावे, दुपारनंतरचा कप आधी सोडावा आणि खरी पारख पूर्ण बंद झाल्यानंतरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात करावी. तेव्हाही मरगळ तशीच राहिली, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहसाठा) आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासून घ्यावे.