मासा उसळला म्हणजे स्ट्रेस आणि गप्प आहे म्हणजे मजेत? नाही हो

जाळं ओढलं, मासे उसळले, थोड्या वेळानं शांत झाले. हा स्ट्रेस तळंवाल्या सगळ्यांना पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. स्ट्रेसची दोन हार्मोन्स, त्यातलं अ‍ॅड्रेनलिन काही सेकंदांत चढतं, कॉर्टिसॉल काही मिनिटांत, पाणी धड असलं तर साधारण दिवसभरात सगळं जागेवर येतं, उलट तेवढ्यापुरती पहिल्या फळीची प्रतिकारशक्ती थोडी वाढूही शकते. मासा परत खाद्यावर आला की विषय संपला.

घोळ होतो तो रोजच्या स्ट्रेसचा. दाटी, तळाला साठलेल्या घाणीचा अमोनिया, रोज पहाटे खाली जाणारा ऑक्सिजन. यात मासा उड्याबिड्या मारत नाही, कोपऱ्यात गप्प राहतो, खाद्य जरा उरतं, आणि आपले लोक कौतुकानं सांगतात की मासा एकदम सेट झालाय. अहो सेट कसला, दमलाय तो! आणि अशा माशाचं कॉर्टिसॉल मोजलं तरी कधीकधी नॉर्मलच येतं, कारण सततच्या माऱ्यानं ती यंत्रणाच मंद पडलेली असते, त्यामुळे रिपोर्ट बघून खूश होऊ नका.

माशाच्या हाडात आपल्यासारखी मज्जा नसते, त्याच्या रक्तपेशी मुख्यतः डोक्यालगतच्या किडनीत तयार होतात आणि कॉर्टिसॉलही तिथंच तयार होतं. तासभर कॉर्टिसॉल चढलं तर काही बिघडत नाही, पण आठवडेच्या आठवडे असंच चाललं की लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात, अँटीबॉडी कमी पडतात. तिकडे आतड्यातला चिकट थर बिघडतो, पेशींमधले सांधे सैल होतात, मासा खात नाही म्हणून आतल्या जीवाणूंचीही उपासमार. कार्प आणि तिलापियाच्या आतड्यात बी-१२ बनवणारा सेटोबॅक्टेरियम नावाचा चांगला जीवाणू असतो, असल्यांची घडी विस्कटली की एरोमोनास या रोग करणाऱ्या जीवाणूला मोकळं रान. मग लाल चट्टे, फुगलेलं पोट, उभे राहिलेले खवले.

माझं डोकं फिरतं ते इथं. रिपोर्टात एरोमोनास दिसला की लगेच 'बाहेरून रोग आला' आणि खाद्यात अँटिबायोटिक. अरे, तो पाण्यात आणि आतड्यात आधीपासूनच होता, वाट बघत. औषधानं तो मरेल कदाचित, पण सोबत चांगलेही जातात, आणि दाटी तर तशीच. प्रोबायोटिकला, म्हणजे चांगल्या जीवाणूंच्या पुडीला, माझा विरोध नाही, पण अमोनिया चढलेल्या तळ्यात महागडी पुडी टाकणं मला पटत नाही, आधी मासा विरळ करा, थोडे दिवस खाद्य कमी करा, रात्री पाण्यात हवा मिसळणारा एअरेटर चालू ठेवा.

बोटुकलीचंही, म्हणजे तळ्यात सोडायच्या बोटभर पिल्लांचंही, तेच. वाहतुकीचा धक्का थोड्या वेळाचाच असतो, पण त्यातून सावरायच्या आत ती खराब पाण्यात पडली की तोच धक्का रोजचा होतो, आठवड्यानं मर लागते आणि शिव्या खातो ती पिल्लं विकणारा बीजवाला. त्याला फोन लावायच्या आधी पहाटे पाचला ऑक्सिजन मोजला होता का, एवढंच मी विचारतो, आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, "मीटर आहे हो, सेल संपलेत."