पार्श्वभूमी: कॅमेरा दारात कुठे थांबतो?

‘अलीगढ’ हा सिनेमा नागपूरकरांना जरा जास्तच लागतो. ज्यांच्यावर तो बेतला आहे, ते प्रा. श्रीनिवास रामचंद्र सिरस इथलेच. नागपूर विद्यापीठात शिकलेले, मराठीत कविता लिहिणारे आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. फेब्रुवारी 2010 मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषासोबतचे त्यांचे खासगी क्षण टिपले आणि लगोलग विद्यापीठाने त्यांनाच निलंबित केलं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. आठवडाभरात ते घरात मृतावस्थेत सापडले. हंसल मेहतांच्या 2016 च्या सिनेमात ती रात्र आधी बाहेरून, खिडकीतून दिसते. घुसखोरांच्या कॅमेऱ्यासारखं आपणही आत शिरायचं नाही, हे दिग्दर्शकाने ओळखलं होतं.

समलिंगी प्रेम दाखवताना आशियाई सिनेमाला ही समज यायला वेळ लागला. आपल्याकडे जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’त (1982) महिलाश्रमातल्या दोघींचं प्रेम येतं, पण ते अधीक्षिकेसमोर आलेलं प्रकरण म्हणून. नव्वदच्या दशकात चिनी भाषिक दिग्दर्शक धीट झाले, मात्र घरापासून लांब जाऊन. अँग लीच्या ‘द वेडिंग बँक्वेट’मधलं जोडपं न्यूयॉर्कमध्ये राहतं, वाँग कार-वायचं ब्वेनोस आयर्समध्ये. वाँगचा ‘हॅपी टुगेदर’ (1997) शय्यादृश्यानेच सुरू होतो, तरी मला त्यातला स्वयंपाकघरातला टँगो अधिक जवळचा वाटतो.

दीपा मेहतांनी ‘फायर’मध्ये हे सगळं दिल्लीतल्या एकत्र कुटुंबात आणून ठेवलं. त्यातल्या दोन जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. एकीने दुसरीच्या केसांना तेल लावणं आपल्या घरांत कुणाच्या नजरेतही भरत नाही. इथे तीच जवळीक आहे. सेन्सॉरने एकही दृश्य कापलं नव्हतं. तरी डिसेंबर 1998 मध्ये मुंबई-दिल्लीत थिएटरांवर हल्ले झाले, सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे गेला आणि 1999 मध्ये परत मोकळा झाला. खरा राग शरीरापेक्षा त्या घराच्या पत्त्याचा असावा.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. त्यानंतर हिंदीत कौटुंबिक विनोदी सिनेमे आले. त्यांत प्रेमिकांपेक्षा नातेवाइकांचाच गलका जास्त. मराठीने वेगळी वाट काढली. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा शेतकरी मित्र बाळ्या यांची ती गोष्ट. यात आईला मुलाचं सगळं ठाऊक आहे.